शुल्बारि : तांबे, गंधक आणि एक इलेक्ट्रॉन

संस्कृत कोशांत गंधकाला जी अनेक नावे दिलेली आहेत, त्यांत 'शुल्बारि' हे एक आहे. शुल्ब (किंवा शुल्व) म्हणजे तांबे; शुल्बारि म्हणजे तांब्याचा शत्रू. लॅटिन 'सल्फर' हा शब्द या शुल्बारिपासूनच निघाला, असे विधान इंग्रजी आणि भारतीय पाठ्यपुस्तकांतून वारंवार केले गेले आहे. ध्वनिसाम्य मोहक असले तरी भाषाशास्त्राच्या कसोटीस ते उतरत नाही. लॅटिनमधील 'सुल्पुर' हे जुने रूप तांब्याची वा शत्रुत्वाची कोणतीही खूण बाळगीत नाही, आणि शुल्बारि हा शब्द तर उघडच सामासिक, वर्णनपर, धातूंचे व्यवहार डोळ्यांसमोर ठेवून घडविलेला आहे. व्युत्पत्ती टाकून द्यावी हे खरे. परंतु तिच्याबरोबर शब्दही टाकून देणे शहाणपणाचे होणार नाही, कारण त्यात एक निरीक्षण साठविलेले आहे. रसशाळेत तांब्याचे पातळ पत्रे पारा व गंधक यांच्यासह खलून संपुटात भाजले म्हणजे तांब्याची लाली जाते, लवचिकपणा जातो, नाद जातो, आणि हाती उरते ती काळसर भुकटी. रसशास्त्रात या क्रियेस 'मारण' म्हणतात. ज्याच्या हातून तांबे मरते तो तांब्याचा अरि, असा हा सरळ हिशेब आहे.

याच व्यवहाराकडे युरोपने वेगळ्या रूपकातून पाहिले. १८३० च्या दशकात कोपनहेगनचा रसायनज्ञ झाइझ याने गंधकयुक्त सेंद्रिय द्रव्यांचा एक वर्ग प्रथम तयार केला. ही द्रव्ये पाऱ्याशी तत्काळ संयोग पावतात असे पाहून त्याने त्यांना 'मर्कॅप्टन' हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'पाऱ्याला पकडणारे' असा आहे. आज त्यांना थायॉल म्हणतात. एका परंपरेने गंधकात वैरी पाहिला, दुसरीने पकडणारा हात पाहिला. प्राणिमात्राच्या शरीरात तांबे व गंधक यांची जी गाठ पडते, तिचे वर्णन करू लागले की दोन्ही रूपके अपुरी ठरतात. ती कोठे अपुरी ठरतात हे पाहण्यासाठी एका इलेक्ट्रॉनाच्या मागे जावे लागते.

प्रथिने ज्या वीस प्रमुख ॲमिनो अम्लांची बनलेली असतात, त्यांपैकी दोघांतच गंधक असतो : सिस्टेइन व मेथिओनीन. सिस्टेइनच्या टोकाशी गंधक आणि हायड्रोजन यांची जोडी असते, म्हणजे ते एक थायॉल होय. हा हायड्रोजन सहज सुटतो व गंधक उघडा पडतो. दोन सिस्टेइन गंधकाला गंधक भिडवून जोडली गेली की सिस्टीन तयार होते. १८१० साली वुलस्टन याने मूत्राशयातील खड्यात हे सिस्टीन प्रथम ओळखले. मूत्राशयाला ग्रीक भाषेत 'किस्टिस' म्हणतात आणि तेच नाव पुढे दोन्ही अम्लांस चिकटले. मेथिओनीनमधील गंधक मात्र दोन्ही बाजूंनी कार्बनाने बांधलेला असतो. तो उघडा नसतो, पण अगदी बंदिस्तही नसतो.

तांब्याचेही दोन अवतार आहेत. तांब्याच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावले असता जो आयन उरतो तो निळ्या रंगाचा असतो. मोरचुदाचा निळा रंग त्याचाच होय. एकच इलेक्ट्रॉन गमावलेला आयन सामान्यतः रंगहीन असतो. पहिल्याला द्विसंयुजी व दुसऱ्याला एकसंयुजी म्हणतात. दोघांच्या आवडीनिवडी भिन्न आहेत. द्विसंयुजी तांबे नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या सहवासात रमते आणि आपल्या भोवतालच्या अणूंची मांडणी साधारणपणे चौरसाकार ठेवते. एकसंयुजी तांब्याला गंधक प्रिय असतो, आणि त्याला चौरस मानवत नाही. त्याचे शेजारी चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर, किंवा प्रसंगी केवळ तीन दिशांना, उभे राहतात. एका इलेक्ट्रॉनाचा फरक पडताच एकाच धातूची अभिरुची आणि बैठक दोन्ही बदलतात. पुढील सर्व विवेचन या एका वाक्यावर उभे आहे.

द्विसंयुजी तांब्याला एक इलेक्ट्रॉन मिळून ते एकसंयुजी होणे, या घटनेस मराठी विश्वकोशात 'क्षपण' अशी संज्ञा आहे. भारतीय भाषांच्या अभ्यासकाला येथे क्षणभर थांबण्याजोगे पुष्कळ आहे. क्षपण म्हणजे झिजविणे, नाहीसे करणे. उपवासाने देह झिजविणारा तो क्षपणक, आणि 'मुद्राराक्षसा'त याच वेषात वावरणारा जीवसिद्धी वाचकांच्या परिचयाचा आहे. हिंदीने 'अपचयन' पसंत केले, तेलुगूने 'क्षयकरणम्', कन्नडने 'अपकर्षण'. सर्वत्र घटीचाच भाव आहे. पण इलेक्ट्रॉनाच्या दृष्टीने पाहता येथे घट नसून प्राप्ती आहे! मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'परत नेणे' असा होता. खनिजातून धातूला त्याच्या स्वरूपात परत आणणे, हा तो अर्थ. भारतीय भाषांनी इंग्रजीतील 'रिडक्शन'चा व्यावहारिक अर्थ उचलला आणि परतीचा अर्थ मागे राहिला. अपवाद बंगालीचा. तेथे ऑक्सिडीभवनाला 'जारण' व क्षपणाला 'विजारण' म्हणतात. जारण हा तर रसशास्त्राचाच शब्द आहे. पारा गंधकाला पचवितो ते गंधकजारण. प्रफुल्लचंद्र रायांनी 'हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास' १९०२ व १९०९ साली दोन खंडांत इंग्रजीतून लिहिला आणि स्वतः प्रयोगशाळेत गंधकाच्या सेंद्रिय संयुगांवर दीर्घकाळ काम केले. ज्या भाषेत असा गृहस्थ होऊन गेला, त्या भाषेत हा शब्द जिवंत राहावा यात आश्चर्य नाही. अर्थाच्या दृष्टीने विजारण ही या मालिकेतील सर्वांत समर्पक संज्ञा म्हणावी लागेल. पचविलेले पुन्हा मोकळे करणे हा तिचा भाव परतीच्या अर्थाजवळ जातो.

दुसरी संज्ञा 'मूलक' ही होय. अणू-रेणूंत इलेक्ट्रॉन सामान्यतः जोडीने नांदतात. ज्याच्याजवळ एकटा, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन आहे असा रेणू किंवा त्याचा तुकडा म्हणजे मुक्त मूलक. तो एकटेपणा असह्य असल्यामुळे मूलक अत्यंत अल्पजीवी व आक्रमक असतो. मिशिगन विद्यापीठातील गोम्बर्ग याने १९०० साली अशा एका टिकाऊ मूलकाचे अस्तित्व दाखविले तेव्हा अनेकांना ते पटले नव्हते. इंग्रजी 'रॅडिकल' लॅटिनमधील मूळवाचक शब्दापासून आला, आणि त्याच मुळापासून मुळ्याच्या भाजीचे इंग्रजी नावही आले. गमतीचा भाग असा की संस्कृतातही 'मूलक' म्हणजे मुळाच. परिभाषा करणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केले असो वा नसो, भाषांतर कंदासकट झाले आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे, म्हणजे राजकीय अर्थाने 'रॅडिकल'. रसायनातील आणि राजकारणातील हे दोन नातलग एका छपराखाली कसे नांदले, हा स्वतंत्र टिपणाचा विषय आहे.

मूलकांकरवी क्षपण कसे घडवून आणतात? त्यासाठी मुख्यतः पाण्याचाच उपयोग होतो. पाण्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा एक अतिशय लहान, सेकंदाच्या कोट्यंशाहूनही कमी काळ टिकणारा झोत सोडला की पाण्याचे रेणू फुटतात. शोषलेल्या प्रत्येक १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेमागे सुमारे २.७ मोकळे इलेक्ट्रॉन, तितकेच हायड्रॉक्सिल मूलक आणि थोडे हायड्रोजन अणू निर्माण होतात. मोकळ्या इलेक्ट्रॉनाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात. अशा जलवेष्टित इलेक्ट्रॉनाचा वर्णपट हार्ट व बोग यांनी १९६२ साली प्रसिद्ध केला. तो ७२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे तांबड्या टोकाला, प्रकाश शोषतो. हायड्रॉक्सिल मूलक क्षपणाच्या नेमके उलट काम करणारा. म्हणून पाण्यात नायट्रस ऑक्साइड वायू आणि फॉर्मेट क्षार घालतात. वायू मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे रूपांतर हायड्रॉक्सिल मूलकांत करतो, फॉर्मेट त्या सर्वांचे रूपांतर कार्बन डाय-ऑक्साइडच्या ऋणभारित मूलकात करते, आणि हा मूलक इलेक्ट्रॉन देऊन टाकण्यास उतावीळ असतो. अशा रीतीने एकाच स्वभावाचे मूलक विद्रावात भरून, पुढे काय घडते ते प्रकाशाच्या शोषणावरून सेकंदाच्या दशलक्षांशापर्यंत मोजता येते. मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही ७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या त्वरकाने याच पद्धतीचे संशोधन चालत आले आहे.

आता तांब्याची जटिल संयुगे घ्यावीत. मेथिओनीन व द्विसंयुजी तांबे पाण्यात एकत्र केले की निळसर संयुग सुखाने तयार होते. त्याच्या स्फटिकांचा क्ष-किरणांनी अभ्यास केला असता असे दिसते की तांब्याला धरून ठेवणारे अणू नायट्रोजन व ऑक्सिजन हे आहेत. गंधकाची शेपटी दूर लोंबकळत असते. शत्रूही नाही, पकडणाराही नाही, केवळ तटस्थ. सिस्टेइनची गोष्ट निराळी. तेथे मूलक सोडण्याचीही आवश्यकता पडत नाही. द्विसंयुजी तांबे उघड्या गंधकाला भिडले की गंधक स्वतःचा एक इलेक्ट्रॉन त्याच्या स्वाधीन करतो. तांबे एकसंयुजी होते, गंधके दोन-दोन जोडीने सिस्टीन बनतात, आणि रंग विरतो. म्हणूनच सिस्टेइन व द्विसंयुजी तांबे यांचे साधे, स्थिर संयुग बाटलीत ठेवता येत नाही. ते तयार होता होताच स्वतःचे क्षपण करून घेते. सिस्टेइनच्या गंधकाशेजारील कार्बनावर दोन मेथिल गट बसविले की पेनिसिलामीन मिळते. ही गर्दी विक्रियेला थोडी आवरते. १९७७ साली बर्कर व फ्रीमन यांनी या द्रव्याचे गडद जांभळे संयुग उलगडून दाखविले : त्यात एका क्लोराइडाभोवती आठ एकसंयुजी आणि सहा द्विसंयुजी असे तांब्याचे चौदा आयन व पेनिसिलामीनचे बारा रेणू आहेत. द्विसंयुजी तांब्यांनी नायट्रोजनाची व गंधकाची मिळून बैठक धरली आहे, एकसंयुजींनी केवळ गंधकाची. अभिरुचीचा भेद एकाच रेणूत असा शेजारी-शेजारी मांडलेला क्वचितच पाहावयास मिळतो.

मग सजीव सृष्टीत निळी तांबे-प्रथिने कशी टिकतात? त्यांत तर सिस्टेइनचा गंधक थेट द्विसंयुजी तांब्याला जोडलेला असतो. उत्तर प्रथिनाच्या घडीत आहे. 'स्यूडोमोनास एरुजिनोसा' या जिवाणूतील अझुरिन हे १२८ ॲमिनो अम्लांचे लहानसे प्रथिन घेऊ. त्याच्या एका टोकाशी तांब्याचा एक आयन बसलेला आहे; त्याला हिस्टिडीनचे दोन नायट्रोजन आणि ११२ क्रमांकाच्या सिस्टेइनचा गंधक घट्ट धरतात, १२१ व्या स्थानावरील मेथिओनीनचा गंधक थोड्या अंतरावरून हात लावून असतो. ही बैठक चौरसही नाही आणि पूर्ण चतुष्फलकही नाही. प्रथिनाने तांब्याला दोन अवतारांच्या मधल्या आसनावर बसविले आहे, म्हणून इलेक्ट्रॉन आला किंवा गेला तरी त्याला फारशी हालचाल करावी लागत नाही. येथील निळा रंग मोरचुदाच्या निळ्याहून सुमारे शंभरपट गडद असतो, कारण तो केवळ तांब्याचा नव्हे. सुमारे ६२५ नॅनोमीटरचा प्रकाश शोषला जातो तेव्हा गंधकाचा इलेक्ट्रॉन क्षणमात्र तांब्याकडे झुकतो, त्याचा तो रंग आहे. अझुरिन हे नाव ज्या 'अझूर' शब्दावरून आले, तो फारसी 'लाजवर्द'चा पाश्चात्त्य वंशज होय.

याच अझुरिनवर फार्व्हर व पेक्ट यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या साऱ्या विषयाचा गाभा मानावा असा आहे. अझुरिनच्या दुसऱ्या टोकाशी तिसऱ्या व सव्विसाव्या स्थानांवरील दोन सिस्टेइन गंधकाच्या दुव्याने जोडलेली आहेत. तांब्यापासून हा दुवा सुमारे २.६ नॅनोमीटर दूर, म्हणजे रेणूंच्या मापाने गावाच्या वेशीबाहेर. त्यांनी कार्बन डाय-ऑक्साइडचे मूलक सोडले तेव्हा काहींनी तांब्याला सरळ गाठले व निळा रंग काही अंशी ताबडतोब उतरला. उरलेल्यांपैकी काहींनी आपला इलेक्ट्रॉन दूरच्या गंधक-दुव्याला दिला. तसा दुवा स्वतः मूलक होतो आणि ४१० नॅनोमीटरच्या सुमारास प्रकाश शोषू लागतो. त्यानंतरचे दृश्य फार बोलके आहे. हे नवे शोषण हळूहळू ओसरू लागले, आणि ज्या गतीने ते ओसरले नेमक्या त्याच गतीने निळा रंग पुन्हा उतरू लागला. २५ अंश सेल्सियसला या विक्रियेचा गतिगुणांक सेकंदास सुमारे ४४ भरला. म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात निम्मे काम उरकते. प्रथिनाच्या रेणूची टक्कर दुसऱ्या रेणूशी होऊन हे घडले असते तर रेणूंची संख्या वाढविताच गती वाढली असती. तशी ती वाढली नाही. इलेक्ट्रॉनाने गंधकापासून तांब्यापर्यंतचा प्रवास त्याच रेणूच्या आतून केला होता.

शत्रू व पकडणारा या दोन्ही रूपकांत गंधक हा करणारा आणि धातू हा सोसणारा आहे. अझुरिनमध्ये एका गंधकाने परक्या मूलकाचा इलेक्ट्रॉन झेलला, सांभाळला आणि दूरच्या तांब्याकडे रवाना केला. तेथे त्या तांब्याला दुसऱ्याच एका गंधकाने बसायला आसन दिले होते. या नात्याला कोशात नाव नाही.

मूलक नेहमीच इतके सभ्य वागतात असे मात्र नाही. मेथिओनीनच्या गंधकावर हायड्रोजन अणूचा आघात झाला तर कार्बन-गंधक बंध तुटून गंधकाचा एक लहान मूलक सुटतो. बोलोन्या येथील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात दाखविले की असा मूलक प्रथिन सोडून मेदाच्या पटलात शिरतो आणि तेथील असंतृप्त मेदाम्लांची नैसर्गिक वाकलेली रचना सरळ करून टाकतो. क्षपण म्हणजे ऑक्सिडीभवनाच्या विरुद्ध, आणि म्हणून निरुपद्रवी, ही समजूत त्यामुळे सोडावी लागली. तांब्याचा धोका आणखी निराळा. एकसंयुजी तांबे मोकळे सापडले तर हायड्रोजन पेरॉक्साइडपासून तेच हायड्रॉक्सिल मूलक निर्माण करते. म्हणून पेशी तांब्याला कधी मोकळे हिंडू देत नाही. ते आत घेणाऱ्या प्रथिनात मेथिओनीनांची रांग असते, वाहून नेणाऱ्या प्रथिनात सिस्टेइनांची जोडी, आणि साठवणाऱ्या मेटॅलोथायोनीनमध्ये सुमारे साठ ॲमिनो अम्लांपैकी तब्बल वीस सिस्टेइन. गंधकाच्या एका हातातून दुसऱ्या हातात असा तांब्याचा प्रवास चालतो. १९९९ साली यीस्टवरील अभ्यासातून असा निष्कर्ष निघाला की एका पेशीत सरासरीने तांब्याचा एकही मोकळा आयन नसतो.

हे हात अपुरे पडले म्हणजे काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. भारतीय बालयकृत्-काठिण्य या नावाने ओळखला जाणारा रोग अनेक दशके सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांचे बळी घेत असे. निरोगी यकृतात शुष्क वजनाच्या दर ग्रॅममागे साधारणतः ५० मायक्रोग्रॅमहून कमी तांबे असते. या मुलांत ते कित्येक शेकड्यांवर गेलेले आढळे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात शीला भावे व आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्याने १९८० च्या दशकात या मुलांच्या आहाराचा इतिहास तपासला. गाई-म्हशीचे दूध पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यांत तापवून व साठवून तान्ह्या वयातच पाजण्याची रीत रोगी मुलांच्या घरांत फार अधिक आढळली. अशा भांड्यात पाणी ठेवले तर त्यात तांबे थोडेच उतरते. दुधातील केसिन हे प्रथिन मात्र ते अधाशासारखे ओढून घेते. तांब्याच्या जोडीला काही आनुवंशिक दुबळेपणा असावा की काय, यावर वैद्यकांत मतभेद राहिले. भांडी बदलली तसतसा रोग ओसरला व १९९० नंतर तो दुर्मिळ झाला, याबद्दल मतभेद नाही.

मराठी घराला तांब्या-पितळेचा हा दोष ठाऊक नव्हता असे कसे म्हणावे? 'कळकणे' हे क्रियापद त्यासाठीच आहे. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी राहिली की ती कळकते. म्हणून दारी कल्हईवाला आला की कथील व नवसागर घेऊन बसलेल्या त्याच्यापुढे घरातील भांड्यांची रास पडे. पण या शब्दाचा रोख मुख्यतः आंबट पदार्थांवर होता, जेथे चव तत्काळ बदलते. तान्ह्याच्या दुधावर या शब्दाची नजर तितकीशी नव्हती.

पुण्यातील त्या मुलांपैकी ज्यांचा रोग लवकर ओळखला गेला, त्यांना दिलेले औषध पेनिसिलामीन हेच होते. विल्सनच्या रोगात शरीरात साचणारे तांबे काढण्यासाठी १९५६ साली वॉल्श यांनी ते प्रथम सुचविले होते. त्याचा गंधक द्विसंयुजी तांब्याला इलेक्ट्रॉन देतो, एकसंयुजी झालेल्या तांब्याला धरतो आणि मूत्रावाटे बाहेर नेतो. उपचार लवकर सुरू झाले तेव्हा काही मुले वाचली. यकृत फार बिघडल्यावर ते औषध उपयोगी पडले नाही.